बाल्टिमोर परिसरातल्या मराठी शाळांना खुलं पत्र : सॅम्युएल स्मिथ मुलांना पूर्ण सांगा

प्रति,
बाल्टिमोर, कोलंबिया, एलिकॉट सिटी आणि आजूबाजूच्या मराठी शाळांमधले सर्व शिक्षक आणि पालक

सप्रेम नमस्कार.

२६ मार्च २०२४ च्या पहाटे ‘डाली’ हे मालवाहू जहाज धडकून बाल्टिमोरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल पाण्यात कोसळला. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांनीही आपल्याकडे चौकशा केल्या. पुलावर रात्रपाळीत रस्तादुरुस्ती करणारे सहा मजूर त्यात गेले. सगळे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून पोटापाण्यासाठी इथे आलेले. पुलाला ज्याचं नाव होतं तो माणूस कोण, हे त्या आठवड्यात मुलांनी आपल्याला विचारलं असेल, आणि उत्तर आपल्यापैकी बहुतेकांना येतही असेल. १८१४ मध्ये, अमेरिका आणि ब्रिटनमधल्या युद्धात, ब्रिटिश आरमारानं बाल्टिमोर बंदराच्या फोर्ट मॅकहेन्री या किल्ल्यावर रात्रभर गोळे टाकले. सकाळी किल्ल्यावर झेंडा अजून आहे हे पाहून फ्रान्सिस कीनं जी कविता लिहिली, ती पुढे अमेरिकेचं राष्ट्रगीत झाली.

इतकी गोष्ट आपल्या मुलांना इथल्या शाळेतही कळते. पण फ्रान्सिस की त्या रात्री बंदरापासून लांब एका जहाजावर होता आणि तिथून बघत होता. शहर राखायची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर होती, तो माणूस वेगळा. त्याचं नाव सॅम्युएल स्मिथ. फेडरल हिलवर त्याचा पुतळा आहे. पाहुण्यांना घेऊन आपण तिथे जातो, बंदराकडे तोंड करून फोटो काढतो आणि उतरतो. पुतळा कुणाचा, हे सहसा कुणी वाचत नाही.

सैनिक, व्यापारी, चाळीस वर्षं संसदेत, आणि वयाच्या ८३ व्या वर्षी बाल्टिमोरचा महापौर. या माणसाची गोष्ट मराठी शाळेत सांगितली जावी, मराठीतून सांगितली जावी, आणि त्यातलं अवघड आहे तेही वगळू नये, अशी विनंती करायला हे पत्र लिहितेय.

मराठी शाळेत शिवरायांच्या गोष्टी असतात, सण असतात, बाराखडी असते. ते असायलाच हवं. पण मुलं ज्या गावात वाढतात त्या गावाबद्दल मराठीत बोलायला त्यांच्याजवळ शब्दच नसतात. मोर्चा, खंदक, ठेवीदार, दंगल, भरपाई हे शब्द त्यांना कधी लागतच नाहीत. मग मराठी ही आजी-आजोबांची आणि गणपतीतली भाषा होऊन बसते. स्मिथची गोष्ट सांगायला हे सगळे शब्द लागतात.

त्याचा जन्म २७ जुलै १७५२ चा, पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलचा. वडील व्यापारी. मुलगा लहान असतानाच त्यांनी बिऱ्हाड बाल्टिमोरला आणलं. ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७६ च्या सुरुवातीला, स्मिथ मेरीलँडच्या पलटणीत कॅप्टन झाला. त्याच वर्षी २७ ऑगस्टला लाँग आयलंडची लढाई झाली, आजच्या ब्रुकलिनमध्ये. मेरीलँडच्या पलटणीनं तिथे फार सोसलं. गोवानसच्या खाडीतून माघार घेताना अनेकांना पोहता येत नव्हतं. स्मिथ एका सार्जंटबरोबर पोहत पलीकडे गेला, तिथून लाकडाच्या फळ्या पाण्यात लोटल्या आणि त्यांच्या आधारानं माणसं पार नेली, असं त्यानं पुढे सांगितलं आहे.

पण मुलांना सांगायचा प्रसंग आहे तो फोर्ट मिफ्लिनचा. सप्टेंबर १७७७ मध्ये ब्रिटिशांनी फिलाडेल्फिया घेतलं. शहर हातात आलं, पण रसद यायची डेलावेअर नदीतून, आणि नदी अडवलेली. पात्रात अडथळे रोवलेले आणि काठाला दोन किल्ले. त्यातला मिफ्लिन मड आयलंडवर होता. नावाप्रमाणेच चिखलाचं बेट. वॉशिंग्टननं पंचविशीतल्या स्मिथला सुमारे २०० माणसं देऊन तिथे पाठवलं. भरतीचं पाणी, थंडी, तापानं आजारी शिपाई आणि समोरून तोफा. ऑक्टोबरमध्ये ‘ऑगस्टा’ ही ६४ तोफांची ब्रिटिश युद्धनौका तिथे गाळात रुतली, पेटली आणि स्फोटानं उडाली. ४ नोव्हेंबरला काँग्रेसनं स्मिथला मानाची तलवार द्यायचा ठराव केला. त्यानंतर आठवड्याभरातच तोफेचा एक गोळा बराकीच्या धुराड्यातून आत आला. ढासळलेल्या विटांनी त्याला जखमी केलं, मनगट निखळलं, आणि त्याला होडीतून पलीकडे हलवावं लागलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला. पण ब्रिटिशांचे कित्येक आठवडे त्या चिखलात गेले.

पुढे मॉनमथची लढाई, आणि १७७९ मध्ये राजीनामा. कारण साधं होतं. पगारात भागत नव्हतं. तो धंद्यात शिरला, जहाजं आणि पीठ यांच्या व्यापारात भरपूर कमावलं, १७९३ मध्ये संसदेत गेला आणि कधी हाउस, कधी सिनेट असं करत १८३३ पर्यंत राहिला. या चाळीस वर्षांवर शाळेत फार वेळ घालवू नका. राजकारणी म्हणून तो हुशार होता, हट्टी होता आणि त्याच्यावर रागावलेली माणसंही पुष्कळ होती, इतकं पुरे.

आता १८१४.

२४ ऑगस्टला ब्लेडेन्सबर्गला अमेरिकन फौज उधळली गेली आणि त्याच रात्री ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळलं. त्या जाळाचा उजेड बाल्टिमोरहून दिसत होता. पुढचा नंबर आपला, हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. दुसऱ्याच दिवशी नागरिकांच्या समितीनं ठरवलं की संरक्षणाची सूत्रं मेरीलँड मिलिशियाचे (नागरिकांच्या सेनेचे) मेजर जनरल स्मिथ यांच्याकडे द्यायची. वय ६२. या समितीत जॉन ईगर हॉवर्ड होता, आपल्यापैकी अनेकजण राहतात त्या हॉवर्ड काउंटीला ज्याचं नाव आहे तोच. हॉवर्ड फेडरलिस्ट पक्षाचा, स्मिथचा राजकीय विरोधक. तरी त्यानं स्मिथला पाठिंबा दिला. वर्गात या ठिकाणी जरा थांबा आणि मुलांना विचारा, त्यांच्या मते त्यानं असं का केलं असेल. माझ्या अनुभवात मुलं याची उत्तरं आपल्यापेक्षा चांगली देतात.

लोकांनी स्मिथचं नाव घेतलं याचं कारण फक्त त्याची जुनी तलवार नव्हती. १८१३ च्या मार्चपासून, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष आधीपासून, तो बंदराच्या तयारीच्या मागे लागला होता. ब्रिटिश तेव्हा चेसापीक उपसागरात फिरत होते, बाल्टिमोरवर आले नव्हते. स्मिथनं फोर्ट मॅकहेन्रीची पाहणी केली आणि त्याला तिथे उणिवाच उणिवा दिसल्या. तेव्हा मोडीत निघालेल्या एका फ्रेंच युद्धनौकेच्या जड तोफा फ्रेंच वकिलाच्या ताब्यात पडून होत्या. त्या मिळवल्या, गाड्यांवर चढवल्या, पाण्याच्या बाजूला लावल्या. किल्ल्याच्या पश्चिमेला दोन लहान मोर्चे, म्हणजे तोफा लावायच्या जागा, उभे राहिले, कव्हिंग्टन आणि बॅबकॉक. खर्चासाठी केंद्राकडे मागणी, राज्याकडे मागणी, शहरातल्या बँकांकडे मागणी. हे सगळं करताना तो सिनेटरही होता.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मग सगळं शहर कामाला लागलं. शहराचे चार भाग पाडले आणि एकेका दिवशी एकेका भागातल्या माणसांनी हॅम्पस्टेड हिलवर खोदायला यायचं असं ठरलं. फावडी, कुदळी, हातगाड्या जमा करायला सांगितलं. मिलिशियात नसलेले पुरुष बोलावले, मुक्त कृष्णवर्णीय नागरिक बोलावले, आणि ज्यांच्याकडे गुलाम होते त्या मालकांना ते पाठवायची विनंती केली. या वाक्याशी आपण पुन्हा येणार आहोत. आज त्या टेकडीवर पॅटरसन पार्क आहे. पॅगोड्याजवळ तोफा मांडलेल्या दिसतात, तीच ती जागा. जवळजवळ एक मैलभर खंदक आणि मोर्चे, कमोडोर रॉजर्सचे नाविक तोफांवर, आणि मागे दहा हजारांहून जास्त माणसं. बंदराच्या तोंडाशी व्यापाऱ्यांची जहाजं बुडवून वाट अडवली. डेलावेअर नदीत पंचविशीत पाहिलेलं तंत्र तो साठी उलटल्यावर स्वतःच्या गावात वापरत होता, असं मला वाटतं.

मध्येच एक पेच आला. ब्लेडेन्सबर्गला हरलेला जनरल विंडर बाल्टिमोरला येऊन पोचला. केंद्राच्या सैन्यात तो अधिकारानं या भागाचा प्रमुख, आणि मेरीलँडच्या गव्हर्नरचा पुतण्या. सूत्रं आपल्याकडे येणार अशी त्याची अपेक्षा. स्मिथनं ती सोडली नाहीत. भांडण वाढवलं नाही, पण जागाही सोडली नाही.

१२ सप्टेंबरला ब्रिटिश नॉर्थ पॉइंटला उतरले. स्मिथनं जनरल स्ट्रिकरला तीन हजारांवर माणसं देऊन पुढे पाठवलं होतं. शत्रूला तिथेच हरवणं हा उद्देश नव्हता. त्याला उशीर करायचा, त्याचं नुकसान करायचं आणि शिस्तीत मागे यायचं. लढाई पेटण्याआधीच ब्रिटिश जनरल रॉस गोळी लागून पडला. स्ट्रिकर मागे आला. दुसऱ्या दिवशी रॉसच्या जागी आलेला कर्नल ब्रुक फौज घेऊन हॅम्पस्टेड हिलसमोर येऊन उभा राहिला आणि समोरचे मोर्चे बघत राहिला. तिकडे १३ च्या सकाळपासून पंचवीस तास आरमारानं फोर्ट मॅकहेन्रीवर भडिमार केला. किल्ल्याचा प्रमुख मेजर आर्मिस्टेड आणि त्याची सुमारे हजार माणसं आत. दीड हजारांवर गोळे आले. किल्ल्यात चार माणसं मेली. रात्री अंधारात होड्या किल्ल्याला वळसा घालून आत शिरू पाहत होत्या, त्यांना कव्हिंग्टन आणि बॅबकॉकवरच्या तोफांनी परतवलं. आरमाराला वाट मिळेना, म्हणून ब्रुकनं मोर्च्यांवर हल्ला न करताच १४ च्या पहाटे माघार घेतली. मग सकाळी झेंडा, आणि फ्रान्सिस की.

हॅम्पस्टेड हिलवर त्या दिवशी मोठी लढाई झालीच नाही, म्हणून तिच्यावर कुणी गाणं लिहिलं नाही. मला स्वतःला या लढाईतली ही बाजू सर्वांत मोलाची वाटते. शत्रूनं बघितलं आणि ठरवलं, नको.

१८१९ चं एका परिच्छेदात सांगते. स्मिथच्या पेढीतला भागीदार बुकॅनन हा बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सच्या बाल्टिमोर शाखेचा प्रमुख होता. त्यानं आणि काही सोबत्यांनी बँकेच्याच पैशांवर शेअरचा सट्टा खेळला आणि सगळं कोसळलं. त्या गैरव्यवहारात स्मिथचा हात नव्हता, पण पेढी बुडाली आणि तो कर्जबाजारी झाला. पेढी बुडणं म्हणजे काय ते त्याला घरात बसून कळलं होतं.

आता १८३५ ची गोष्ट. ही आपल्या पालकांना फार समजावून सांगावी लागणार नाही. सहकारी बँक बुडाल्यावर शाखेच्या बंद शटरसमोर उभे असलेले म्हातारे-कोतारे ठेवीदार आपण महाराष्ट्रात पाहिलेत, काहींच्या घरातही.

बँक ऑफ मेरीलँड ठेवींवर व्याज द्यायची, म्हणून लहान माणसांनी तिच्यात पुंजी ठेवली होती. कारागीर होते, विधवा होत्या. मार्च १८३४ मध्ये तिनं दारं बंद केली. हिशेब विश्वस्तांकडे गेला. कोर्टकज्जे, एकमेकांवर पत्रकं, आरोप. सतरा महिने उलटले तरी ठेवीदारांच्या हातात काही पडेना. बँकेच्या कारभाराशी जोडलेली माणसं मात्र आपापल्या प्रशस्त घरांत राहत होती. त्यातला एक होता मॉन्युमेंट स्क्वेअर या चौकात राहणारा रिव्हर्डी जॉन्सन, पुढे देशाचा अॅटर्नी जनरल झालेला वकील.

६ ऑगस्ट १८३५ ला चौकात लोक जमायला लागले. काचा फुटल्या. शहराला आजच्यासारखं पोलिस दल नव्हतं, रात्रीचे रखवालदार आणि मोजके कॉन्स्टेबल. महापौर जेसी हंटनं शनिवारी नागरिकांची रखवाली उभी केली आणि त्यांच्या हातात दिल्या लाकडी काठ्या. समोर दगडफेक करणारा जमाव. मग बँकेच्या कारभाराशी जोडलेला दुसरा वकील जॉन ग्लेन याच्या घरावर हल्ला झाला, रात्री बंदुका निघाल्या, गोळ्या सुटल्या, माणसं मेली. त्यानंतर रविवारी शहर जमावाच्याच हातात गेलं. जॉन्सनचं घर फोडलं, सामान आणि कायद्याची पुस्तकं चौकात आणून जाळली. महापौराच्या घरातलं सामानही रस्त्यावर पेटवलं. पुढे महापौरानं राजीनामा दिला.

त्या वेळी लोक एक्सचेंजच्या इमारतीत जमले आणि त्यांनी स्मिथला बोलावणं धाडलं. नुकतीच ८३ वर्षं पूर्ण झालेला म्हातारा, सगळ्या पदांवरून निवृत्त. तो आला. झेंडा घेऊन त्याच्यामागे लोक चालू लागले, शस्त्रं वाटली, आगीच्या बंबांच्या मंडळांना तुकड्यांत बांधलं, चौकाचौकांत पहारे बसले. आदल्या दिवशीपर्यंत घरात दडून बसलेले शेकडो लोक बाहेर आले. त्याला पुन्हा गोळी झाडावी लागली नाही. दंगल विझली. महिन्याभरानं शहरानं त्याला महापौर निवडलं आणि १८३८ पर्यंत तो त्या पदावर राहिला.

आपण मुलांना इथे फक्त शौर्य सांगून सोडलं, तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. पुढच्या वर्षी राज्याच्या विधिमंडळानं ज्यांची घरं फोडली गेली त्यांना भरपाई मंजूर केली, एक लाख डॉलरच्या घरात, आणि तीही लगेच. ज्यांच्या पैशांमुळे हे सगळं पेटलं ते ठेवीदार सतरा महिने ताटकळले होते. घरं फोडणं चूक. पण माणसं चौकात का आली, हेही मुलांना कळू द्या. स्मिथनं शहर वाचवलं हे खरं, आणि त्या दिवशी त्यानं जी घरं वाचवली ती बहुतेक श्रीमंतांची होती हेही खरं. आठवी-नववीची मुलं या दोन्ही गोष्टी एकत्र धरू शकतात. त्यांना तेवढं मोठं समजा.

मघाशी म्हटलं होतं, की गुलामांबद्दलच्या त्या वाक्याशी पुन्हा येऊ. त्या काळच्या मेरीलँडमधल्या श्रीमंत घरांप्रमाणे स्मिथच्या घरीही गुलाम होते. हॅम्पस्टेड हिलच्या खंदकांत ज्यांनी माती उपसली त्यांतले कितीतरी जण स्वतःचे मालक नव्हते. आणि त्याच महिन्यांत ब्रिटिशांकडे पळून गेलेले गुलाम कलोनियल मरीन्स म्हणून लाल डगले घालून नॉर्थ पॉइंटवर समोरच्या बाजूनं लढले, कारण ब्रिटिशांनी त्यांना स्वातंत्र्य देऊ केलं होतं. राष्ट्रगीताच्या तिसऱ्या, सहसा न म्हटल्या जाणाऱ्या कडव्यात ‘गुलाम’ हा शब्द येतो, तो याच पार्श्वभूमीवर असं अनेकजण मानतात.

आणि स्मिथ महापौर असताना, सिटी हॉलपासून फार लांब नाही, फेल्स पॉइंटच्या जहाजांच्या कारखान्यात एक तरुण गुलाम काम करत होता. १८३६ मध्ये गोऱ्या कामगारांनी त्याला घेरून मारलं, डोळा फुटायची वेळ आली. मालक त्याला घेऊन मॅजिस्ट्रेटकडे गेला. मॅजिस्ट्रेटनं सांगितलं, गोरा साक्षीदार असल्याशिवाय मी काही करू शकत नाही. अनेकांनी पाहिलं होतं. साक्ष द्यायला कुणी आलं नाही. ३ सप्टेंबर १८३८ ला तो तरुण खलाशाच्या वेषात, उसने कागद खिशात घालून बाल्टिमोरहून रेल्वेत बसला आणि पळाला. त्याचं नाव फ्रेडरिक डग्लस. गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यातला अमेरिकेतला सर्वांत मोठा आवाज. दंगलीनंतर कायद्याचं राज्य परत आणणारा महापौर आणि ज्याला त्या कायद्याचा काडीचाही उपयोग नव्हता असा विसाव्या वर्षाचा मुलगा, एकाच गावात, एकाच वेळी. स्मिथला कमी लेखायला मी हे लिहीत नाही. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आपल्या मुलांना रंगावरून या देशात काय काय सोसावं लागू शकतं ते आपण जाणतो, आणि त्यांना ही दुसरी बाजू आपल्याच तोंडून, आपल्याच भाषेत कळावी असं मला वाटतं.

आता कामाचं.

१२ सप्टेंबर हा मेरीलँडचा डिफेंडर्स डे. शाळेचं नवं वर्ष तेव्हाच सुरू होतं. त्याच्या जवळच्या रविवारी एक वर्ग शाळेच्या खोलीऐवजी बाहेर घ्या. सकाळी पॅटरसन पार्क, मग फेडरल हिलवरचा पुतळा, वेळ उरला तर फेल्स पॉइंट. लहानांना फोर्ट मिफ्लिनचं चिखलाचं बेट आणि धुराड्यातून आलेला गोळा सांगा. मोठ्यांना बँक आणि दंगल. सगळ्यात मोठ्यांना वेस्टमिन्स्टरच्या दफनभूमीत न्या. २२ एप्रिल १८३९ ला स्मिथ गेला आणि तिथे पुरला गेला. तिथेच एडगर अॅलन पो आहे, आणि पोमुळे मुलं हौसेनं येतात.

दिवाळीत आपण मागच्या अंगणात किल्ला करतोच. रायगड, प्रतापगड व्हायलाच हवेत. पण यंदा एका शाळेनं हॅम्पस्टेड हिल करून बघावी. पुढ्यात खंदक, वर तोफा, एका बाजूला बुडवलेली जहाजं, आणि खंदकात फावडी घेऊन सगळ्या रंगांची माणसं. चित्रं लावताना कुठल्या माणसाला कुठे उभं करायचं यावर मुलं वाद घालतील. घालू द्या.

इंग्रजीत या विषयावर साहित्य भरपूर आहे, मराठीत नाही. म्हणून एक काम मी माझ्याकडे घेते. चार वर्गांसाठी चार छोटे मराठी पाठ, शब्दार्थांसह, मी लिहून देते. तपासायला आणि मुलांच्या तोंडी बसेल अशी भाषा करायला दोन शिक्षक पुढे या. बसची सोय आणि डबे हे पालकांनी बघायचं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शिक्षकांची बैठक असते, त्यात हा विषय घ्यावा अशी विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मराठी शाळेतली एक आई